नसीम हमेद: गाजावाजा किती आणि कर्तृत्व किती

व्यावसायिक मुष्टियुद्धात काही नावे निघाली की जाणकारांमध्ये लगेच दोन तट पडतात. इंग्लंडमधील शेफील्ड शहराचा डावखुरा फेदरवेट (१२६ पौंडांच्या वजनगटातला) मुष्टियोद्धा ‘प्रिन्स’ नसीम हमेद हे त्यांतले एक नाव. १९९२ ते २००२ या दहा वर्षांत तो ३७ लढती खेळला, त्यांतल्या ३६ जिंकला, ३१ लढती ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच संपवल्या आणि डब्ल्यूबीओ या संघटनेचा जागतिक किताब १५ वेळा राखला. एखाद्या अबोल खेळाडूच्या नावावर हे आकडे असते, तर त्याच्या थोरवीविषयी फारसा वाद झाला नसता. हमेदच्या बाबतीत वाद मिटत नाही, कारण त्याने स्वतःविषयी जे सांगितले आणि दूरचित्रवाणीने त्याच्या नावावर जे विकले, ते या आकड्यांहूनही मोठे होते. एका पक्षाच्या मते तो बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी घालून कोलांटउड्या मारणारा तमासगीर होता, ज्याला पहिला खरा प्रतिस्पर्धी भेटताच त्याचे पितळ उघडे पडले. दुसऱ्या पक्षाच्या मते तो त्या वजनगटातला शतकातून एखादा होणारा ठोसेबाज होता आणि एका वाईट रात्रीची शिक्षा त्याला जन्मभर भोगावी लागली.

दोन्ही पक्ष एकाच लढतीभोवती फिरतात. ती लढत ७ एप्रिल २००१ रोजी लास वेगास येथे मार्को अँतोनिओ बारेरा या मेक्सिकन मुष्टियोद्ध्याशी झाली. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल त्या रात्रीवरून लावता येत नाही. तो लावायचा असेल तर त्या रात्रीच्या आधीची अडीच वर्षे आणि नंतरचे एक वर्ष नीट तपासले पाहिजे. त्याहीआधी, हमेद मुळात कोणत्या तालमीत घडला हे पाहिले पाहिजे, कारण ज्याला लोक उर्मटपणा म्हणत तो पुष्कळ अंशी त्याला शिकवलेला खेळ होता.

वस्ताद आणि पठ्ठा

हमेदचा जन्म १२ फेब्रुवारी १९७४ रोजी, येमेनमधून शेफील्डमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबात झाला. सातव्या वर्षी तो विंकोबँक भागातील ब्रेंडन इंगल यांच्या व्यायामशाळेत दाखल झाला. इंगल मूळचे डब्लिनचे. बसमधून जाताना शाळेबाहेर तीन पोरांशी एकटा भिडलेला एक चिमुरडा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याला हेरले, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की पुढे तीही गाजावाज्याचाच एक भाग होऊन बसली.

या तालमीची रीत वेगळी होती. जमिनीवर रेषा आखलेल्या असत आणि मुलांनी त्या रेषांवर पावलांचा सराव तासन्‌तास करायचा असे. उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही पवित्र्यांतून लढता आले पाहिजे, असा आग्रह असे. जोडीच्या सरावात डोक्यावर ठोसा मारायला बंदी होती, फक्त अंगावर मारायचे; त्यामुळे वेगवेगळ्या वयाची आणि वजनाची मुले एकमेकांशी निर्धास्त सराव करत, आणि अंतराचा अंदाज व शरीराची लवचिकता या दोन गोष्टी त्यांच्या हाडामासात मुरत. हात कमरेशी सोडून कमरेतून मागे झुकणे, ठोसा हनुवटीपुढून बोटभर अंतराने जाऊ देणे आणि लगेच अनपेक्षित कोनातून उत्तर देणे ही या शाळेची ओळख होती. हमेदच्या आधी याच तालमीतला हेरोल ग्रॅहम ही कला उत्तम जाणत होता. पण १९९० मध्ये ज्युलियन जॅक्सनविरुद्ध जागतिक किताबाची लढत हाती आलेली असताना एका ठोशात तो आडवा झाला. ग्रॅहमजवळ नसलेली एक गोष्ट हमेदजवळ होती, ती म्हणजे डाव्या हातात लढत संपवण्याची ताकद. सुमारे पाच फूट चार इंच उंचीच्या, १२६ पौंडांच्या गटातल्या मुष्टियोद्ध्याजवळ एवढी ताकद क्वचितच पाहायला मिळते.

म्हणून दोराच्या वरच्या पट्टीवरून कोलांटी मारून रिंगणात येणे, नाचत नाचत प्रतिस्पर्ध्याला खिजवणे आणि कोणत्या फेरीत लढत संपणार ते आधीच जाहीर करणे या गोष्टी खेळापासून तोडून पाहता येत नाहीत. चिडलेला प्रतिस्पर्धी पुढे धावून येतो आणि पुढे धावून येणारा माणूस हमेदला हवाच असे. १९९४ च्या मे महिन्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने विंचेन्झो बेलकास्त्रो या अनुभवी इटालियनाकडून युरोपीय बँटमवेट (फेदरवेटहून हलक्या गटाचा) किताब बाराही फेऱ्या खेळून घेतला, तेव्हा शेवटी शेवटी त्याने बेलकास्त्रोची जी टवाळी केली तीवर ब्रिटिश पत्रकारांनी बरीच टीका केली होती. ती टीका रास्त होती. परंतु त्याच फेऱ्यांत एक विसाव्या वर्षातला मुलगा एका मुरलेल्या मुष्टियोद्ध्याला रिंगणभर फिरवत होता, हेही तितकेच खरे.

जमेची बाजू

हमेदने दुय्यम लोकांना हरवून नाव कमावले, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तपासल्यावर सर्वांत कमी टिकतो.

३० सप्टेंबर १९९५ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कच्या उघड्या मैदानात, पावसात आणि पूर्णपणे विरोधात गेलेल्या वेल्श प्रेक्षकांसमोर, २१ वर्षांच्या हमेदने स्टीव्ह रॉबिन्सनला आठव्या फेरीत थांबवून डब्ल्यूबीओचा किताब घेतला. मुष्टियुद्धात चार संघटना आपापले जागतिक किताब देतात, आणि त्या काळी डब्ल्यूबीओला बाकीच्या तीन संघटनांइतकी (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ) पत नव्हती. शिवाय रॉबिन्सन हा १९९३ मध्ये दोन दिवसांच्या सूचनेवर उभा राहून विजेता झालेला माणूस होता. पण हमेद त्या एका पट्ट्यावर समाधान मानून बसला नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये लंडनला त्याने आयबीएफचा विजेता टॉम जॉन्सन याला आठव्या फेरीत थांबवले. जॉन्सनने तो किताब १९९३ पासून सांभाळला होता आणि त्याला कमअस्सल म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. एप्रिल १९९८ मध्ये तीन वजनगटांत जगज्जेता ठरलेला पोर्तो रिकोचा विल्फ्रेदो वाझ्केझ सातव्या फेरीत संपला. वाझ्केझ डब्ल्यूबीएचा विजेता होता, मात्र हमेदशी लढण्यापायी त्या संघटनेची मान्यता त्याने गमावली होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये डेट्रॉईट येथे डब्ल्यूबीसीचा विजेता सेझार सोतो गुणांवर हरला. म्हणजे चारही संघटनांपैकी प्रत्येकीचा विजेता म्हणून मिरवणारा कुणी ना कुणी हमेदसमोर उभा राहिला आणि पराभूत झाला. चारही पट्टे एकाच वेळी त्याच्या कमरेला आले नाहीत, याचे कारण रिंगणापेक्षा संघटनांच्या आपसांतल्या राजकारणात जास्त सापडते. जॉन्सनकडून जिंकलेला आयबीएफ किताब त्याच वर्षी सोडावा लागला आणि सोतोकडून जिंकलेला डब्ल्यूबीसी पट्टाही त्याला ठेवता आला नाही.

बेलकास्त्रोनंतर वाझ्केझपर्यंत, म्हणजे ऑगस्ट १९९४ ते एप्रिल १९९८ या पावणेचार वर्षांत, हमेद १८ लढती खेळला आणि त्यांतली एकही परीक्षकांच्या गुणपत्रिकेपर्यंत पोहोचली नाही. यांत सैद लवाल ३५ सेकंदांत संपला, यात विशेष काही नाही, तो कच्चा गडी होता. पण मॅन्युएल मेदिना, केव्हिन केली, जॉन्सन आणि वाझ्केझ हे कच्चे गडी नव्हते.

यांतल्या केलीविरुद्धच्या लढतीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण हमेदचे गुण आणि दोष एकाच जागी पाहायचे असतील तर तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. १९ डिसेंबर १९९७, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अमेरिकन प्रेक्षकांसमोर हमेदचे हे पहिलेच पाऊल, आणि समोर त्याच शहराचा माजी डब्ल्यूबीसी विजेता, ज्याच्या नावावर तोवर एकच पराभव होता. पडद्यामागे सावलीच्या रूपाने नाचत नाचत झालेला हमेदचा प्रवेश इतका लांबला की प्रेक्षक कंटाळले. पहिल्याच फेरीत केलीने त्याला खाली पाडले. दुसऱ्या फेरीत हमेदचा हात पुन्हा जमिनीला टेकला, मग केली पडला. चौथ्या फेरीत केली पडला, हमेद पडला आणि पुन्हा केली पडला, तो काही वेळेत उठला नाही. दोघे मिळून सहा वेळा खाली गेले. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर हमेदची हनुवटी हवेत होती, पाय एका रेषेत होते आणि मागे झुकण्याची वेळ तो वारंवार चुकत होता. मात्र तीनदा जमिनीवर जाऊनही त्याच्या ठोशाची धार कमी झाली नाही आणि तो घाबरलाही नाही. जो नुसता तमासगीर असतो तो परक्या शहरात, पहिल्याच फेरीत पडल्यावर असा उभा राहत नाही.

प्रतिस्पर्ध्यांची तुलना करण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे समान प्रतिस्पर्धी. केलीला हमेदने १९९७ मध्ये चौथ्या फेरीत संपवले; सप्टेंबर २००० मध्ये एरिक मोरालेसला त्याच केलीसाठी सात फेऱ्या लागल्या; आणि २००३ मध्ये बारेराने त्याला चौथ्या फेरीत थांबवले, तेव्हा केली पस्तिशीच्या पुढे गेलेला होता. मेदिना या चिवट मेक्सिकनाला हमेदने १९९६ मध्ये डब्लिन येथे अकराव्या फेरीअखेर माघार घ्यायला लावली. त्यानंतर मेदिना पुन्हा आयबीएफचा विजेता झाला आणि २००३ मध्ये ह्वान मॅन्युएल मार्केझने त्याला सातव्या फेरीत थांबवले. ही मोजपट्टी काटेकोर नाही, वय आणि प्रकृती दरवेळी वेगळी असते. पण इतके नक्की म्हणता येते की पुढे ज्यांना निर्विवाद थोर मानले गेले, त्यांच्या पंक्तीला बसण्याइतकी मारकशक्ती १९९७ च्या हमेदमध्ये होती.

घसरण कुठून सुरू झाली

३१ ऑक्टोबर १९९८ रोजी अटलांटिक सिटीमध्ये उत्तर आयर्लंडचा वेन मॅककलो, जो पूर्वी बँटमवेटचा विजेता होता आणि वरच्या गटात येऊन लढत होता, हमेदसमोर बाराही फेऱ्या उभा राहिला. भुताखेतांच्या सणाचे निमित्त साधून हमेद कृत्रिम स्मशानातून चालत रिंगणात आला होता. लढत त्याने सहज जिंकली, पण तिसऱ्या फेरीत संपवण्याचे बोललेला माणूस बारा फेऱ्यांत एकदाही मॅककलोला पाडू शकला नाही. या लढतीच्या सुमारास इंगल आणि हमेद यांच्यातले संबंध तुटले. वाद पैशांवरून होता आणि त्यात दोन्ही बाजूंनी कटू शब्द बोलले गेले. लढती भरवणारे प्रवर्तक फ्रँक वॉरन यांच्यापासूनही हमेद दूर झाला आणि त्याचे व्यवहार त्याच्या भावांनी हाती घेतले.

वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असे आपल्याकडे तालमींत म्हणतात. इंगल यांनी डाव राखून ठेवला नव्हता. पण रोज पहाटे पावलांचा कंटाळवाणा सराव करून घेणारा माणूस मात्र त्यांच्या रूपाने गेला. पुढे एमॅन्युएल स्टुअर्ड आणि ऑस्कर सुआरेझ यांच्यासारखे नामवंत प्रशिक्षक हमेदच्या कोपऱ्यात आले. त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. अडचण अशी होती की हमेदची शैली पाठ्यपुस्तकातली नव्हती आणि बचावाचा भार हातांवर नसून सर्वस्वी पाय, कंबर आणि नजर यांच्यावर होता. अशा शैलीत तयारी एक दशांशाने कमी पडली तरी शिक्षा दामदुपटीने मिळते, कारण चुकलेल्या अंदाजाला झाकायला वर धरलेले हात नसतात. एप्रिल १९९९ मध्ये पॉल इंगल (ब्रेंडन यांच्याशी याचे नाते नाही) अकराव्या फेरीपर्यंत टिकला. सोतोविरुद्धची लढत तर धक्काबुक्की आणि उचलून आपटण्यानेच लक्षात राहिली. मार्च २००० मध्ये लंडनला उडत्या गालिच्यावरून येऊन हमेदने वुयानी बुंगूला चौथ्या फेरीत बाद केले आणि जुनी जादू परत आल्यासारखे वाटले. ऑगस्टमध्ये ऑगी सांचेझलाही त्याने चौथ्या फेरीत संपवले, पण त्याआधी सांचेझचे सरळ ठोसे त्याला वारंवार लागत होते, आणि त्या रात्री हाताला झालेल्या दुखापतीमुळे शस्त्रक्रिया करावी लागली. डब्ल्यूबीओचा किताब त्याने त्यानंतर सोडला.

ज्यांच्याशी लढत झालीच नाही

टीकाकारांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा इथे आहे आणि हमेदचे चाहते तो सहसा टाळतात. मार्केझ डब्ल्यूबीओच्या क्रमवारीत अव्वल आव्हानवीर म्हणून दीर्घकाळ थांबून होता. ती लढत जुळली नाही आणि अखेर सप्टेंबर १९९९ मध्ये तो डब्ल्यूबीएच्या फ्रेडी नॉरवुडकडे वळला व हरला. आज मार्केझचे नाव उच्चारताच जे वजन जाणवते ते तेव्हा नव्हते, त्याला पहिला जागतिक किताब मिळायला २००३ उजाडले. त्यामुळे हमेद त्याला घाबरला असे म्हणणे म्हणजे पुढचे ज्ञान मागच्या काळावर लादणे होय. तरीही अव्वल आव्हानवीराला एवढा काळ तिष्ठत ठेवणाऱ्या विजेत्याने स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवून घ्यावे, हे पटत नाही.

मोरालेसच्या बाबतीत तर योगायोगच विलक्षण आहे. २२ ऑक्टोबर १९९९ रोजी डेट्रॉईटच्या जो लुईस अरीनामध्ये हमेद सोतोशी लढला, आणि त्याच रात्री, त्याच रिंगणात, त्याच्या आधी मोरालेस मॅककलोशी लढला. मोरालेस तेव्हा चार पौंडांनी खालच्या गटात होता आणि लवकरच वर येणार हे दिसत होते. २००१ च्या फेब्रुवारीत तो डब्ल्यूबीसीचा फेदरवेट विजेता झालाही. ती लढत कधी झाली नाही. डब्ल्यूबीसीचा पट्टा बरीच वर्षे बाळगणारा लुइसितो एस्पिनोसा आणि डब्ल्यूबीएचा नॉरवुड यांच्याशीही झाली नाही. काही बाबतींत दोष वाहिन्यांच्या करारांचा आणि प्रवर्तकांचा होता. पण १९९७ नंतर कुणाशी लढायचे हे ठरवण्याचे सामर्थ्य फेदरवेटमध्ये कुणाकडे असेल तर ते हमेदकडेच होते, आणि त्या सामर्थ्याचा वापर त्याने सावधपणे केला.

लास वेगासची रात्र

सट्टेबाजारात पारडे हमेदकडे झुकलेले होते. बारेरा आधीच्या वर्षी मोरालेसविरुद्धच्या रक्तरंजित लढतीत वादग्रस्त निर्णयाने हरला होता आणि त्याआधी ज्युनिअर जोन्सने त्याला दोनदा नमवले होते. त्याची ख्याती पुढे घुसून अंगावर मारणारा, दोन ठोसे खाऊन तीन देणारा लढवय्या अशी होती. असाच प्रतिस्पर्धी हमेदला मानवत असे, आणि कदाचित म्हणूनच बारेराची निवड झाली असावी.

एमजीएम ग्रँडमध्ये प्रत्यक्षात वेगळाच बारेरा उतरला. तो पुढे घुसला नाही. हमेदच्या डाव्या हाताच्या टप्प्याबाहेर राहून तो गोल फिरत राहिला, डावा जॅब (सरळ, झटपट ठोसा) टाकत राहिला आणि हमेद झेप घेऊन ठोसा मारी तेव्हा अर्धे पाऊल मागे सरून डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) उत्तर देत राहिला. पहिल्याच फेरीत असा एक हुक हमेदला हलवून गेला. चिडवण्याचा काहीही परिणाम न होणारा माणूस हमेदला बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. आठ-नऊ फेऱ्या झाल्या तरी हमेद एकेक मोठा डावा ठोसा शोधत होता, जॅब टाकून वाट तयार करण्याचा प्रयत्न करत नव्हता, आणि कोपऱ्यातून येणाऱ्या सूचनांचा खेळावर परिणाम दिसत नव्हता. बाराव्या फेरीत बारेराने त्याला मागून पकडून त्याचे डोके कोपऱ्यातल्या गादीवर आपटले, तेव्हा पंच जो कोर्तेझ यांनी बारेराचा एक गुण कापला. गुणपत्रिका ११६-१११, ११५-११२ आणि ११५-११२ अशा बारेराच्या बाजूने निघाल्या. कापलेला गुण परत मिळवून हिशेब केला तर एका परीक्षकाने बारेराला नऊ आणि बाकी दोघांनी आठ फेऱ्या दिल्या होत्या. याचा अर्थ पराभव निर्विवाद होता, परंतु सर्वनाश झालेला नव्हता. हमेद बारा फेऱ्यांत एकदाही खाली पडला नाही आणि दोन परीक्षकांच्या मते चार फेऱ्या त्यानेही घेतल्या.

ही लढत म्हणजे हमेद मुळात पोकळ असल्याचा पुरावा, असे मानणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. त्या रात्री हरलेला मुष्टियोद्धा जॉन्सनला किंवा वाझ्केझला हरवणाराच होता का? माझ्या मते नव्हता. पाय जड झाले होते, हात दुखावलेले होते आणि जिंकण्याची एकच रीत उरली होती. उलट बाजूने, ती केवळ एक वाईट रात्र होती असे मानणाऱ्यांनाही विचारता येईल की केली, पॉल इंगल आणि सांचेझ यांच्या लढतींत जो दोष वारंवार दिसत होता तोच दोष बारेराने वापरला असेल, तर तिला अपघात कसे म्हणायचे? ऐन बहरातला हमेद त्या बारेराविरुद्ध जिंकला असता का, हे सांगता येणे अवघड आहे. चुरस मात्र नक्कीच वाढली असती.

पराभवानंतर

पराभव हा कुणाच्याही थोरवीचा शेवट नसतो, विशेषतः मुष्टियुद्धात तर नाहीच. हमेद ज्याचा आदर्श सांगत असे तो मोहम्मद अली मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून हरला, त्याच्या आधीचा अलीचा गाजावाजा हमेदच्या गाजावाज्याहून कमी नव्हता. अलीच्या बढाया खऱ्या ठरल्या त्या १९७४ आणि १९७५ मध्ये, जेव्हा त्याने फ्रेझरला दोनदा आणि मधल्या काळात जॉर्ज फोरमनला हरवले. बारेराचेही तसेच आहे. २००३ मध्ये मॅनी पॅकियाओने त्याला अकराव्या फेरीत मोडीत काढले, आणि पुढच्याच वर्षी तो मोरालेसला हरवून पुन्हा वरच्या पायरीवर आला.

हमेदने तेरा महिन्यांनी, १८ मे २००२ रोजी, लंडनमध्ये स्पेनच्या मॅन्युएल काल्वोशी लढत केली. बाराही फेऱ्या चाललेली ती लढत त्याने गुणांवर जिंकली, पण ती इतकी निर्जीव होती की त्याच्याच देशातल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर तो रिंगणात उतरला नाही. वय होते २८. बारेराशी परतीची लढत झाली नाही, मोरालेसशी झाली नाही. हातांच्या जुन्या दुखापती हे कारण खरे होते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याची सगळी ताकद हाडांवर आदळते, त्याची हाडेच आधी बोलू लागतात. पण २७ व्या वर्षी आलेल्या पहिल्या पराभवाला केवळ एक काल्वो एवढेच उत्तर देऊन थांबलेल्या माणसाला, स्वतःच मागितलेल्या ‘सर्वकालीन’ मापात बसवता येत नाही. माझ्या लेखी बारेराच्या हातून झालेल्या पराभवापेक्षा ही पुढची शांतता त्याच्या कारकिर्दीला जास्त महाग पडली.

मे २००५ मध्ये शेफील्डजवळ भरधाव गाडी चालवताना त्याच्याकडून गंभीर अपघात झाला, दुसऱ्या गाडीतला माणूस जबर जखमी झाला, आणि २००६ मध्ये त्याला १५ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. एमबीई हा राजसन्मानही काढून घेण्यात आला. खेळाचा हिशेब मांडताना हे प्रकरण बाजूला ठेवावे असे मला वाटते, पण लोकांच्या मनातल्या हमेदवर त्याची सावली पडलेली आहे हे नाकारता येत नाही.

गाजावाज्याने काय केले

इथे एक गोष्ट टीकाकार विसरतात. हमेदच्या आधी लहान वजनगटांतल्या मुष्टियोद्ध्यांना मोठ्या कार्यक्रमांत बहुधा मुख्य लढतीच्या आधीची दुय्यम जागा मिळे. हेवीवेट आणि मध्यम वजनाचे लोक पैसा आणि प्रसिद्धी घेऊन जात. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने सहा लढतींचा घसघशीत करार एका ब्रिटिश फेदरवेटशी केला आणि २००१ ची लढत वेगळे पैसे मोजून पाहण्याची मुख्य लढत म्हणून विकली, हे केवळ हमेदच्या नावामुळे शक्य झाले. १२६ पौंडांचा मुष्टियोद्धाही मुख्य नाव होऊ शकतो हे वाहिन्यांना पटले, आणि बारेरा, मोरालेस, मार्केझ, पॅकियाओ यांच्या पुढच्या लढतींना जी बाजारपेठ मिळाली तिची पायवाट अंशतः त्याने पाडलेली होती. ब्रिटनमध्ये अरब आणि दक्षिण आशियाई कुळांतल्या मुलांना तो प्रथमच आपला वाटणारा, न लाजता मुसलमान म्हणून मिरवणारा नायक मिळाला. बोल्टनचा मुष्टियोद्धा आमिर खान (आपला नट नव्हे) त्याच पिढीत मोठा झाला. हे सगळे ठोशांच्या हिशेबात येत नाही, पण वारशाच्या हिशेबात येते. गाजावाजा इथे कर्तृत्वाचा शत्रू नव्हता, त्याचाच एक प्रकार होता.

२०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा येथील आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमने हमेदला सामावून घेतले, तेव्हा पुन्हा दोन तट पडले. १९९४ ते १९९८ या काळातला हमेद पाहता ती निवड मला योग्य वाटते, आणि ज्यांना ती खटकते त्यांनी जॉन्सन व वाझ्केझ यांच्या लढती पुन्हा पाहाव्यात. त्याला फेदरवेटच्या इतिहासातल्या पहिल्या पाचांत किंवा दहांत बसवण्याचा आग्रह मात्र मला मान्य नाही. त्याच्या मागोमाग २०१७ मध्ये बारेरा, २०१८ मध्ये मोरालेस, पुढे मार्केझ आणि २०२५ मध्ये पॅकियाओ यांची निवड झाली. २००० ते २०१२ या काळात हे चौघे आपसांत १३ वेळा लढले. हमेद मात्र त्यांच्यापैकी फक्त एकाशी, फक्त एकदा लढला.